पाण्यातील व खाद्यातील धातू आणि गोड्या पाण्यातील मासळी

धाराशिव जिल्हा अवर्षणाचा प्रदेश म्हणून ओळखला जात असला, तरी पाणी साठविण्याच्या कामी येथील माणसांनी हयगय केलेली नाही. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदी अडवून बांधलेला पाणीमहाल सतराव्या शतकाच्या आरंभीचा आहे. निम्न तेरणा, सीना-कोळेगाव, चांदणी, खासापूर हे प्रकल्प अलीकडच्या काळातील; आणि गावोगावचे पाझर तलाव व शेततळी यांची तर मोजदाद करणे कठीण. हे पाणी प्रथम पिण्यासाठी व पिकांसाठी, हे खरेच. परंतु जेथे पाणी आठ-दहा महिने टिकते, तेथे मासळीचे उत्पन्नही निघते, आणि ज्या कुटुंबांना जमीन थोडी अथवा मुळीच नाही, त्यांचा संसार पुष्कळ अंशी या उत्पन्नावर चालतो. मच्छिमारांच्या सहकारी संस्था तलाव ठेक्याने घेतात, पावसाळ्यात कटला, रोहू, मृगळ व सायप्रिनस यांची बोटुकली सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी जाळी टाकतात.

आता असे समजा की, एखाद्या तलावात दरसाल तितकेच बीज सोडले जाते, पाऊसही बेताचा झालेला आहे, मासे मरून वर आल्याची तक्रार कोणी केलेली नाही. आणि तरीही जाळ्यात येणारी मासळी दरवर्षी थोडी हलकी, थोडी बारीक भरते. अशा वेळी दोष सामान्यतः बीजाला दिला जातो. बीज निकस असू शकते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु या सावकाश होणाऱ्या घटीचे आणखी एक कारण संभवते. ते डोळ्यांना दिसत नाही, पाण्याला त्याचा वास येत नाही आणि पाण्याच्या एका बाटलीच्या तपासणीतही ते अनेकदा हाती लागत नाही. पाण्यात, गाळात आणि माशांच्या खाद्यात वर्षानुवर्षे साचत जाणारे धातू, हे ते कारण होय.

येथे आरंभीच एक भेद ध्यानात घ्यावा. एका रात्रीत मासे मेले आणि सकाळी तलावाच्या काठाला लागले, तर बहुधा पाण्यातील प्राणवायू संपलेला असतो, किंवा कीटकनाशक औषध पाण्यात गेलेले असते. मळी अथवा गावाचे सांडपाणी पाण्यात उतरले म्हणजे पहाटेच्या सुमारास मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात, हे पुष्कळांनी पाहिलेले आहे. ती घटना मोठी, तिचा पंचनामा होतो. धातूंचे थोडे थोडे प्रमाण दीर्घकाळ पोटात जात राहिल्यास असा देखावा घडत नाही. मासा जगतो, परंतु वाढत नाही, चपळ राहत नाही, आणि त्याची वीण घटते.

कोणते धातू, आणि येतात कोठून

सर्वच धातू विषारी नाहीत. तांबे, जस्त, लोह व मँगनीज हे अत्यल्प प्रमाणात माशाला, पिकाला व माणसाला आवश्यकच असतात. त्यांचे प्रमाण मर्यादेबाहेर गेले म्हणजेच ते घातक ठरतात. शिसे, कॅडमियम व पारा यांची गोष्ट वेगळी. यांचा माशाच्या शरीराला कोणताही ज्ञात उपयोग नाही. जितके जाईल तितके ओझेच. दुसरी गोष्ट अशी की, शेतावर फवारलेले कीटकनाशक ऊन, पाणी व जंतू यांच्या योगे कधी ना कधी मोडून जाते. धातू हे मूलद्रव्य आहे. ते कुजत नाही, जळत नाही, मोडत नाही. दहा वर्षांपूर्वी तळ्यात उतरलेले शिसे वाहून किंवा उपसून गेले नसेल, तर आजही त्या तळ्यातच असते.

आपल्या जिल्ह्यात मोठ्या खाणी नाहीत व धातू गाळण्याचे अवाढव्य कारखानेही नाहीत, ही समाधानाची बाब आहे. तथापि धातू येण्याच्या लहान लहान वाटा अनेक आहेत, आणि त्यांतील काही आपल्या शिवारातूनच निघतात. द्राक्षबागेत करपा व केवडा या रोगांवर बोर्डो मिश्रण फवारतात. एक टक्क्याच्या मिश्रणास शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद व एक किलो चुना लागतो. आणि एक किलो मोरचुदात सुमारे पाव किलो शुद्ध तांबे असते. फवारणीनंतर पंप विहिरीच्या थारोळ्यावर अथवा नाल्यात धुण्याची सवय असेल, तर उरलेले मिश्रण कोठे जाते हे सांगावयास नको. शेततळ्यातील शेवाळ मारण्यासाठी मोरचुदाची पुरचुंडी गोणपाटात बांधून पाण्यात सोडण्याचीही चाल आहे. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद व तीन मीटर खोल अशा शेततळ्यात सुमारे बावीस लाख लिटर पाणी मावते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने तांब्याची इष्ट मर्यादा दर लिटरला ०.०५ मिलिग्रॅम ठरविली आहे. हिशेब केल्यास अर्धा किलोहून कमी मोरचूद एवढ्या सर्व पाण्याला त्या मर्यादेपर्यंत नेण्यास पुरतो. शेवाळ मरते, पाणी काचेसारखे दिसते, आणि ते तांबे पुढील वर्षाच्या पुरचुंडीची वाट पाहत तळाशी बसते.

शिशाची मुख्य वाट म्हणजे जुन्या बॅटऱ्या. ट्रॅक्टरची निकामी बॅटरी फोडून तिचे आम्ल नाल्यात ओतणे व शिशाच्या पट्ट्या वितळविणे हा प्रकार जेथे चालतो, तेथील नाल्याचा गाळ वर्षानुवर्षे शिसे बाळगून राहतो. फुटलेल्या जाळ्यांच्या शिशाच्या गोळ्याही तलावातच पडून राहतात. कॅडमियम हे स्फुरदयुक्त खतांच्या मूळ खडकात अल्प प्रमाणात असतेच. ते जमिनीत मुरते व धुपेबरोबर थोडे पाण्यात येते. मूर्तींच्या भडक रासायनिक रंगांत शिसे, क्रोमियम यांसारखे धातू असू शकतात. याच कारणास्तव केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्तिविसर्जनाबाबत २०१० साली मार्गदर्शक सूचना काढल्या व २०२० साली त्या सुधारल्या. नदीच्या वरच्या अंगाच्या शहरांचाही विचार करावा लागतो. सीना नदी अहिल्यानगरच्या बाजूने वाहत येऊन परंड्याच्या शिवेवर कोळेगावी अडविली आहे. तेव्हा धरणाच्या पाण्याची चौकशी धरणाच्या भिंतीपाशी संपत नाही.

पाऱ्याविषयी एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. ज्या काळी शेतीविस्ताराचे काम खेड्यांत नव्याने सुरू झाले, त्या काळी पारायुक्त औषधांची बीजप्रक्रिया हा शिफारशीचा भाग होता, आणि उसाच्या बेण्यासाठी तर ती पुढेही बराच काळ चालली. अशा औषधांपैकी मेथॉक्सी इथाइल मर्क्युरी क्लोराइड या द्रव्यावर भारतात २०१८ साली बंदी आली. एखाद्या घराच्या माळ्यावर अशा औषधाचा जुना डबा अद्याप असेल, तर तो विहिरीत, नाल्यात अथवा उकिरड्यावर टाकू नये; घट्ट बंद ठेवून कृषी खात्याच्या माणसास कळवावे.

माशाच्या अंगात जाण्याच्या दोन वाटा

पाण्यात विरघळलेला धातू माशाच्या कल्ल्यांतून थेट रक्तात जातो. कल्ल्यांची त्वचा अतिशय पातळ असते, कारण तिच्यातून प्राणवायू आत यावयाचा असतो. त्याच दाराने धातूही शिरतो. ही पहिली वाट. दुसरी वाट तोंडाची. गाळात बसलेला धातू तेथील शेवाळ, जंतू, गोगलगाई व तांबड्या अळ्या यांच्या अंगात जातो. मासा त्यांना खातो आणि धातू त्याच्या आतड्यात उतरतो.

बराच काळ शास्त्रज्ञांचे लक्ष पहिल्या वाटेवरच होते, कारण काचेच्या टाकीत मासे ठेवून पाण्यात धातू मिसळणे व किती मासे मरतात ते मोजणे सोपे असते. अशा चार दिवसांच्या प्रयोगांवरून पाण्याच्या मर्यादा ठरविण्यास पुष्कळ मदत झाली. परंतु तलावातील मासा चार दिवस नव्हे, तर वर्ष-दोन वर्षे त्याच पाण्यात राहतो व तेथलेच अन्न खातो. अमेरिकेच्या माँटाना राज्यात क्लार्क फोर्क नावाची नदी आहे. तिच्या उगमाकडील तांब्याच्या खाणींचा चुरा शंभराहून अधिक वर्षे तिच्या पात्रात पसरलेला आहे. त्या नदीतील किडे-अळ्या गोळा करून ट्राउट जातीच्या पिलांना चारण्याचे प्रयोग १९९० च्या दशकात झाले. तेव्हा निव्वळ त्या खाद्यामुळेही पिलांची वाढ खुंटते, असे दिसून आले. सारांश, पाणी चांगले असले तरी ताट दूषित असू शकते.

ही गोष्ट आपल्याकडे विशेष महत्त्वाची का, हे समजण्यासाठी आपल्या पाण्याचा स्वभाव पाहावा. काळ्या पाषाणाच्या प्रदेशातील आपले पाणी बहुधा जड, म्हणजे चुना व मॅग्नेशियमयुक्त असते, आणि त्याचा सामू सातांच्या वर असतो. पाण्यातील चुना हा माशाचा मित्र आहे. कल्ल्यांच्या दाराशी चुन्याचे कण दाटीने असले म्हणजे धातूला आत शिरण्यास जागा कमी मिळते. त्यामुळे मऊ पाण्यात जे प्रमाण घातक ठरते, ते जड पाण्यात मासा सोसून जातो. शिवाय अशा पाण्यात धातू विरघळलेल्या स्थितीत फार काळ राहत नाहीत. ते मातीच्या कणांना चिकटून खाली बसतात. पाण्याची परीक्षा निर्दोष येते ती यामुळे. परंतु धातू गेलेला नसतो, त्याने फक्त जागा बदललेली असते. तो गाळात असतो, आणि गाळ हे ज्यांचे कुरण आहे त्या माशांच्या वाट्याला येतो. कटला वरच्या थरातील सूक्ष्म जीवांवर जगतो, रोहू मधल्या थरात चरतो. मृगळ तळाशी राहतो, आणि सायप्रिनस तर डुकराने ढेकळे उकरावीत तसा चिखल उकरून खातो. म्हणून तलावात धातूचा संशय असेल, तर परीक्षेसाठी प्रथम मृगळ किंवा सायप्रिनस घ्यावा. कटला घेऊन निश्चिंत होऊ नये.

उन्हाळा, गाळ आणि पहिला पाऊस

अवर्षणाच्या प्रदेशात या प्रश्नाला एक निराळे वळण मिळते. बारमाही पाण्याखाली असलेल्या गाळात हवा नसते. तेथे धातू गंधकाशी संयोग पावून न विरघळणाऱ्या रूपात बांधलेले राहतात. आपले तलाव मात्र चैत्र-वैशाखात आटतात. २०१६ च्या उन्हाळ्यात कळंब तालुक्याच्या सीमेवरील मांजरा धरणही कोरडे पडले होते व लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे सर्वांच्या स्मरणात आहे. तळ उघडा पडला, भेगाळला, की गाळाला हवा लागते. मग गंधकाशी झालेली बांधणी सुटू लागते, आणि मृगाच्या पहिल्या पाण्याबरोबर त्या धातूंचा काही भाग पुन्हा विरघळून पाण्यात येतो. त्याच पाण्यात रानातून व गावातून धुऊन आलेला मळही असतो. थोड्याच दिवसांनी आपण बोटुकली सोडतो. आणि धातू सोसण्याची शक्ती माशाच्या आयुष्यात सर्वांत कमी असते ती याच कोवळ्या अवस्थेत.

आटत्या तलावात दुसरेही एक संकट असते. पाणी थोडे उरले म्हणजे सर्व मासे एका डबक्यात कोंडतात, जनावरे पाण्यात उतरतात, गाळ ढवळला जातो. चार महिन्यांत पोटात गेला नसेल एवढा गाळ मासा त्या पंधरा दिवसांत गिळतो. त्यामुळे अगदी शेवटच्या डबक्यातील मासळी ही तलावाची सरासरी मासळी नव्हे, हे परीक्षा करताना व मासळी खातानाही लक्षात असावे.

शरीराच्या आत काय घडते

धातूचा पहिला आघात कल्ल्यांवर होतो. त्यांवर चिकट स्राव जमतो, त्यांची नाजूक पाने जाड होतात व एकमेकांस चिकटतात. त्यामुळे श्वासाला अधिक श्रम पडतात. गोड्या पाण्यातील माशाला आपल्या रक्तातील मीठ व चुना सदैव सांभाळावा लागतो, कारण बाहेरच्या पाण्यात ते फार थोडे असतात. तांबे मिठाचा कारभार बिघडविते. जस्त व कॅडमियम चुन्याची वाट अडवितात. मासा मरत नाही, परंतु जे अन्न अंगी लागावयाचे ते हा तोल सावरण्यातच खर्च होते. जाळ्यात येणारा मासा हलका का भरतो, याचे पहिले उत्तर येथे आहे.

आत गेलेला धातू यकृतात व मूत्रपिंडात जमा होतो. यकृत एक विशिष्ट प्रथिन तयार करून धातूला बांधून ठेवते. धातू बांधणारे हे प्रथिन १९५७ साली प्रथम घोड्याच्या मूत्रपिंडात सापडले. पुढे ते माशांतही असल्याचे कळले. ही निसर्गाची उत्तम तजवीज आहे, परंतु ती फुकट नाही. प्रथिन बनविण्यास अन्न खर्ची पडते. आणि कोठाराच्या मर्यादेबाहेर माल आला तर तो पेशींत पसरून त्यांची नासधूस करतो. कॅडमियम एकदा मूत्रपिंडात शिरले की फार सावकाश बाहेर पडते. माणसाच्या मूत्रपिंडातून त्याचे प्रमाण निम्मे होण्यास दहा ते तीस वर्षे लागतात.

शिसे रक्तातील तांबडा रंग तयार होण्याची क्रिया मंदावते, म्हणून कल्ले फिकट दिसू लागतात. पुढे ते हाडांत जाऊन बसते. शिशाचा उपसर्ग दीर्घकाळ झालेल्या ट्राउट माशांत शेपटीकडचा भाग काळा पडणे व पाठीचा कणा वाकणे ही लक्षणे आढळली आहेत. तांब्याचा एक परिणाम मात्र डोळ्यांना कधीच दिसत नाही: माशाचे घ्राणेंद्रिय बोथट होते. जखमी सोबत्याच्या कातडीतून निघणाऱ्या द्रव्याच्या वासाने इतर मासे सावध होतात. नाक बधिर झालेल्या माशाला हा इशारा कळत नाही आणि तो बगळ्याच्या वा मरळीच्या तोंडी सहज सापडतो. संस्थेच्या वहीत अशा माशाची नोंद "बीज कमी जगले" एवढीच होते.

विणीवर होणारा परिणाम याहून खोल आहे. अंड्यातील बलक ज्या प्रथिनापासून बनतो ते यकृतात तयार होते. यकृतच रोगट झाले तर अंडी कमी व निकस होतात. कटला, रोहू व मृगळ यांची वीण आपल्या बंद तलावांत सामान्यतः होत नाही, बीज बाहेरून आणावे लागते. म्हणून ठेकेदार संस्थेला हा तोटा चटकन जाणवत नाही. तो जाणवतो सायप्रिनसच्या बाबतीत, आणि त्याहून अधिक आपल्या गावठी जातींच्या बाबतीत. मरळ, डोकऱ्या, वाम, खवली या माशांचे बीज कोणी विकत आणून सोडत नाही. एकदा वीण तुटली की ते त्या ओढ्यातून नाहीसेच होतात. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातील बेल्यूज तलावात १९७० च्या दशकात वीजकेंद्राच्या कोळशाच्या राखेतील सेलेनियम हे द्रव्य उतरले. पाण्यातील त्याचे प्रमाण अगदी थोडे होते, पण ते खाद्यातून मादीच्या अंड्यांत साचले. मोठे मासे पोहत होते, पिले मात्र व्यंग घेऊन जन्मत व मरत. काही वर्षांत तलावातील वीस जातींपैकी एकोणीस जाती नष्ट झाल्या. सेलेनियम हा खरा धातू नव्हे, पण त्याची ही वाट धातूंना समजून घेण्यास फार उपयोगी आहे.

खाणाऱ्याने काय समजावे

सर्व धातू लहान माशाकडून मोठ्या माशाकडे जाताना वाढत जातात, असा एक समज आहे. तो पाऱ्याच्या बाबतीत खरा आहे, इतरांच्या बाबतीत बहुधा नाही. हवा नसलेल्या गाळातील जंतू पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. हा मिथिल पारा माशाच्या मांसातच मुरतो व प्रत्येक पायरीला वाढतो. जपानमधील मिनामाता येथे कारखान्याच्या सांडपाण्यातून थेट मिथिल पाराच खाडीत गेला, आणि ते मासे खाणारी माणसे व मांजरे यांना मज्जातंतूंचा भयंकर विकार जडला. १९५६ साली त्याची प्रथम अधिकृत नोंद झाली. मासे तर बाजारात विकण्याजोगेच दिसत होते. आपल्या राज्यातही मुंबईजवळच्या काळू नदीत कारखान्यांच्या सांडपाण्याबरोबर पारा उतरल्याचे अभ्यासकांनी काही दशकांपूर्वी दाखवून दिले होते. आपल्या जिल्ह्यातील एका वर्षात काढल्या जाणाऱ्या कार्प माशांत पारा साचण्यास अवधी थोडा मिळतो. जुन्या, मोठ्या व मांसाहारी माशांत, उदाहरणार्थ मरळीत, तो अधिक सापडण्याचा संभव असतो.

शिसे व कॅडमियम यांचा साठा मांसापेक्षा कल्ले, यकृत, मूत्रपिंड व हाडे यांत अधिक असतो. यास्तव संशयित तलावाचा मासा शिजविण्यापूर्वी त्याचे कल्ले व आतील सर्व भाग काढून टाकावेत, आणि पाठीच्या कण्याला आतून चिकटलेली काळपट तांबडी पट्टी, म्हणजे मूत्रपिंड, बोटाने खरवडून धुवावी. अखंड खाल्ल्या जाणाऱ्या बारीक मासळीत ही सोय नसते. शिजविल्याने वा वाळविल्याने धातू जात नाही. भारतीय अन्नसुरक्षा नियमांनुसार माशात शिशाची कमाल मर्यादा दर किलोला ०.३ मिलिग्रॅम आहे. एवढे वाचून कोणी घरात मासळी आणणेच बंद करील, तर ते मात्र चुकीचे होईल. स्वस्त व सकस प्रथिनाचे दुसरे साधन गरीब घराला सहज मिळत नाही. काळजी घ्यावयाची ती ज्या पाण्याविषयी संशयाला जागा आहे त्या पाण्याच्या मासळीची, आणि त्यातही गरोदर स्त्रिया व लहान मुले यांच्या ताटाची.

उलट बाजूनेही एक गैरसमज होतो. "हे पाणी माणसे पितात, मग माशांना काय होणार?" असे म्हटले जाते. पिण्याच्या पाण्यात जस्ताची इष्ट मर्यादा दर लिटरला ५ मिलिग्रॅम आहे, कारण माणसाला तेवढे बाधत नाही. अमेरिकेत जलचरांच्या रक्षणासाठी बेताच्या जड पाण्यात हीच मर्यादा सुमारे ०.१२ मिलिग्रॅम धरतात, म्हणजे चाळीसपटीने कमी. माणूस पाणी पितो. मासा ते कल्ल्यांतून अखंड गाळत असतो.

गावपातळीवर करावयाची कामे

फवारणीचा पंप व बादल्या बागेतच धुवाव्यात व ते पाणी वरंब्यावर टाकावे. मातीत तांबे धरून ठेवण्याची शक्ती मोठी आहे. मासे सोडलेल्या शेततळ्यात शेवाळासाठी मोरचूद वापरूच नये. गवत्या व चंदेरा हे मासे योग्य प्रमाणात सोडणे, खताचे पाणी तळ्यात येऊ न देणे आणि शेवाळ हाताने काढणे, हे उपाय वेळ घेतात, पण तळ्यात काही साठवून ठेवीत नाहीत. मराठवाड्याच्या पुष्कळ जमिनींत जस्ताची उणीव आहे, म्हणून झिंक सल्फेट देणे बंद करण्याचे कारण नाही. माती परीक्षण करून, लागेल तेवढेच व मातीत मिसळून द्यावे. निकामी बॅटरी दुकानदाराला परत द्यावी.

बोटुकली सोडण्याची घाई करू नये. पहिल्या एक-दोन पुरांचे गढूळ पाणी येऊन निवळू द्यावे व मग सोडावीत. सोडण्यापूर्वी तलावाच्या पाण्यात जाळीच्या पिंजऱ्यात पन्नासएक पिले दोन दिवस ठेवून पाहावीत. ही परीक्षा ढोबळ आहे, तिने सावकाश होणारा अपाय कळत नाही. परंतु मोठी चूक टळते.

तलावातील गाळ काढून शेतात टाकण्याचे काम २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या योजनेने पुष्कळ ठिकाणी झाले आहे, आणि सामान्य पाझर तलावाचा गाळ शेताला सोन्यासारखा आहे. मात्र शहराचे नाले, बॅटऱ्यांचे काम अथवा कारखान्याचे सांडपाणी ज्या तलावात उतरते, त्याचा गाळ परीक्षेशिवाय भाजीपाल्याच्या शेतात पसरू नये.

शेवटी परीक्षेविषयी. मासळी बारीक पडण्याची कारणे अनेक असतात: दाटी, अपुरे खाद्य, उवांचा उपद्रव, एकाच जुन्या वाणाचे बीज. ती आधी तपासावीत. दोन-तीन हंगामांच्या वजनाच्या नोंदी संस्थेच्या वहीत नसतील, तर घट झाली की नाही हेच ठरत नाही. म्हणून दर जाळ्यातील वीस माशांची लांबी व वजन लिहून ठेवण्याची सवय लावावी. संशय बळावला तर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयास लेखी कळवावे. गाळातील तांबे, जस्त, लोह व मँगनीज यांची प्राथमिक कल्पना माती परीक्षण प्रयोगशाळेत येऊ शकते; याबाबत तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा. शिसे, कॅडमियम व पारा यांसाठी अधिक नाजूक यंत्रे लागतात. अशी सोय असलेल्या प्रयोगशाळेकडेच नमुने पाठवावेत. पाण्याची बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्यावी, कारण धातूंसाठी ती आम्लाने धुतलेली असावी लागते. गाळ वरच्या दोन-तीन बोटांच्या थरातील, लाकडी वा प्लॅस्टिकच्या पळीने, नाल्याच्या मुखाशी, मधोमध व भिंतीजवळ असा तीन ठिकाणचा वेगवेगळा घ्यावा. लोखंडी घमेले वापरू नये. तळाशी राहणारे पाच-सहा मासे बर्फात ठेवून त्याच दिवशी पाठवावेत, आणि सोबतच्या पत्रात मांस, कल्ले, यकृत व मूत्रपिंड यांची परीक्षा वेगवेगळी करावी, असे स्पष्ट लिहावे. नमुने वर्षातून दोनदा घ्यावेत, एकदा दिवाळीनंतर पाणी निवळल्यावर व दुसऱ्यांदा तलाव आटण्यापूर्वी फाल्गुनात, आणि प्रत्येक पिशवीवर तारीख, तलावाचे नाव व त्या दिवशीची पाण्याची खोली पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी बांधावी. शाई पाण्याने पुसली जाते.